आबांच्या पत्र्यावरची लक्ष्मी

२१ जुलै, सोमवार

फोंडाघाटहून भावाने, नितेशने, एसटीच्या पार्सलाने पाठवलेले आज मिळाले ते असे. लक्ष्मीची तसबीर एक, गोधडीत बांधलेली. उकडे तांदूळ पाच किलो. आमसुले अर्धा किलो, यंदाची. पार्सलाचे भाडे एकशे चाळीस, आपण भरले. डेपोपासून घरापर्यंत रिक्षा ऐंशी. हे खांद्यावरून आणतो म्हणत होते, पण पाऊस थांबेना. गोधडी आईच्या लुगड्यांची आहे, तिची किंमत लावत नाही.

तसबीर ठेवून घ्यायला आलेली नाही, बुडवायला आलेली आहे. नितेशने माहेरचे मातीचे घर पाडून चिऱ्याचे बांधले. यंदाचा गणपती नव्या घरात बसणार. त्यांच्या गुरुजींनी घरभर फिरून सांगितले की खंडित देव घरात नको, चतुर्थीच्या आत विसर्जन करा. लक्ष्मीच्या उजव्या हातापाशी पत्रा गंजून भोक पडले आहे. समुद्र माझ्या दारात, म्हणून काम माझ्याकडे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात तेव्हाच द्यायची आहे, म्हणजे ८ ऑगस्टला.

"ताये, चौकट सागवानी आसा, ती काढून घी. पत्रो तेवढो सोड," नितेश फोनवर म्हणाला. मी सागवान समुद्रात टाकीन असे याला वाटले तरी कसे?

तसबीर आबांनी काढलेली. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, दत्ताराम पेंटर. फोंड्याच्या बाजारातल्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्या पाट्या केव्हाच गेल्या. त्यांच्या हातचे जगात एवढेच उरले आहे. लग्न होईपर्यंत रोज सकाळी मी हिला हात जोडले आणि आता मीच हिला बुडवायची.

देवाचे आहे, करायलाच हवे.

२२ जुलै, मंगळवार

अंघोळ झाल्यावर मऊ फडक्याला खोबरेल लावून तसबीर पुसली. जाताना तरी स्वच्छ जावी. कपाळावर कुंकवाचा थर नखाएवढा जाड. माझी आजी, नर्मदाआजी, रोज पहाटे पहिले कुंकू हिला लावायची, देव्हाऱ्यातल्या देवांना नंतर. लावताना "थोरले बाय, बघ गो घराकडे" म्हणायची. देवांत लक्ष्मीला थोरली का म्हणते, हे मी तिला कधी विचारले नाही.

थर निघाला तर खाली कपाळावर बारीक हिरवे गोंदण. मनगटावरही गोंदण आहे, तुळशीचे. देवीला गोंदण कोण काढतो? मुकुट नाही, बहुतेक सोनेरी रंग संपला असावा. पदर कमरेला खोचलेला, नऊवारी पोटरीपर्यंत वर, म्हणजे लक्ष्मी कामाला निघाल्यासारखी दिसते. बाकी सगळे शास्त्राला धरून आहे. मागे कमळाची मोठी हिरवी पाने, डाव्या हातात गोल कलश, पायाशी सांडलेली सोन्याची नाणी. उजव्या हातात कमळ असणार, तिथेच भोक.

उलटी करून पाहिली तर पाठीमागे "किराणा व भुसार मालाचे" एवढी अक्षरे! आबांनी कुणाची तरी नको झालेली पाटी घेऊन तिच्या पाठीवर लक्ष्मी काढली. देवाच्या कामाला नवा पत्रा घ्यायला हवा होता हे खरे, पण मला आबांचे बरे वाटले. मीही जुन्या पिशव्यांचीच पायपुसणी शिवते.

२४ जुलै, गुरुवार. दिव्यांची अमावास्या

दिवे घासून पुजले.

बुडवण्याआधी एक फोटो तरी काढून ठेवावा असे मनात आले. माझी मुलगी सृष्टी कणकवलीला कॉलेजात असते, सध्या घरी आहे. तसबीर पडवीत उजेडाला उभी केली. तिने काढला, पण फोटोत ते भोकच पहिले दिसते. देवीचा हात गेल्यासारखा वाटतो.

मी परसातून एक जास्वंद तोडून आणली आणि तिचा देठ भोकातून आत घातला. बरोब्बर बसला.

"आये, गो, हात कापलेलो दिसता तिचो," सृष्टी म्हणाली. "रक्ताचो फोटो."

खरेच तसे दिसत होते. मी घाईने फूल काढले.

२६ जुलै, शनिवार

सृष्टीने परवाचा फोटो आमच्या माहेरच्या ग्रुपवर टाकला होता. मी तिला बोलले. पण आता सगळ्यांनाच फुलाचे वेड लागले आहे. नितेशची बायको म्हणते गुलाबी कमळ. चुलतभाऊ म्हणतो पांढरे कमळ. नितेश म्हणतो, "कमळच, त्यात विचारूचा काय?"

यांनी मंदिराच्या तळीवरून कमळ आणून दिले. कंडक्टरकीतून निवृत्त झाल्यापासून अशी कामे आवडीने करतात. कमळ लावले तर देवीचे अर्धे तोंड झाकले आणि वजनाने खाली आले ते नाण्यांवरच पडले.

"उतरलेलो प्रवासी," हे म्हणाले.

मला हसू आले आणि मग हसल्याचे वाईट वाटले.

२८ जुलै, सोमवार. पहिला श्रावणी सोमवार

देवळात जाऊन कौल लावला. कुणाला सांगितले नव्हते. भाई गुरवांनी देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणे घातले: "बाय माजे, ह्या तुज्या लेकीन लक्ष्मीची खंडित तसबीर समुद्रात सोडूची काय ठेवची, तां तू सांग. सोडूची तर उजवी दी, ठेवची तर डावी दी."

अर्धा तास बसले. ना उजवी पडली ना डावी. भाईंनी पाकळ्या बदलून पुन्हा लावल्या. पुन्हा तेच.

"सुगंधा, तुजा विचारणाच खंयतरी चुकता," भाई म्हणाले. "नीट विचार करून परत ये."

यात चुकण्यासारखे काय आहे? साधा प्रश्न आहे. देवी रागावली असेल. मी फोटो काढत बसले त्याचाच राग असेल.

३१ जुलै, गुरुवार

फोटो थांबवायचे ठरवले होते, थांबले नाहीत. आतापर्यंत लावून पाहिलेली फुले: सोनचाफा, अबोली, तगर, पिवळा तेरडा, झेंडू. मोबाईल आता मलाच धरता येतो. उजेड पाठीमागून नको, बाजूने हवा, एवढे शिकले. लावलेली फुले मी देवाला वाहत नाही. तुळशीच्या मुळाशी ठेवते.

शेजारची किशोरी सुक्या मासळीची पाटी घेऊन चालली होती. श्रावणात आमच्याकडे मासळी नाही हे माहीत असून पडवीशी थांबलीच.

"सुगंधावैनी, रोज नवीन फूल, रोज नवीन फोटो. लक्ष्मीचा लगीन जुळवतंस काय?"

मी सगळे सांगितले. तर पाटी खाली ठेवून म्हणते, "पत्रो समुद्रात? उद्यापासून होड्यो सुटतत. तुज्या लक्ष्मीन माज्या घोवाचा जाळां फाडल्यान तर नवीन लक्ष्मी देशीत काय?"

"देवाक जाळां फाडूचा नसता गो."

"पत्र्याक असता."

गेली हसत. पण तिचे म्हणणे अगदीच खोटे नाही.

एक गोष्ट आज लक्षात आली. भोकाच्या भोवती बोटांचा रंग शाबूत आहे, पदराचा काठ शाबूत आहे. भोक पावलीएवढे. मोठे फूल असते तर त्याच्या पाकळ्या भोकाबाहेरही रंगवलेल्या असत्या. म्हणजे आबांनी हातात काहीतरी लहान दिले होते. काठाला पिवळ्या रंगाची एक रेघ उरली आहे, आणि खाली हिरव्या देठाचा तुकडा. देठावर आबांनी बारीक बारीक लव काढली आहे, एका केसाच्या कुंचल्याने काढावी तशी. कमळाच्या देठावर ती नसते. सोनचाफ्याच्याही नसते.

२ ऑगस्ट, शनिवार

सहा दिवस राहिले. मी फूल शोधते आहे की दिवस ढकलते आहे, हे देवाला ठाऊक. मला नाही सांगता येत.

५ ऑगस्ट, मंगळवार

सापडले! हात अजून पिवळे आहेत, धुवावेसे वाटत नाहीत.

पहाटे परसात गेले. आठ दिवस पावसाची झड एकसारखी. माश्या-भुंगे फिरकत नाहीत आणि भोपळ्याची बारकी फळे पिवळी पडून गळतात. म्हणून रोज उजाडताना मीच फुले लावते. सासूबाईंनी शिकवलेले काम. नुसत्या लांब देठाचे असते ते नराचे फूल, ते तोडायचे. पाकळ्या ओरबाडून खाली टाकायच्या, आतला पिवळा तुरा तेवढा ठेवायचा. ज्या फुलामागे बारका भोपळा असतो ते मादीचे. त्याच्या तोंडात हा तुरा फिरवायचा. देठ उजव्या हाताच्या तीन बोटांत, आणि बारका भोपळा डाव्या तळव्यावर धरायचा म्हणजे मोडत नाही. पदर आणि लुगडे खोचलेले, नाहीतर वेलाच्या लवेला अडकतात.

तिसरे फूल लावताना खाली पाहिले. चिखलात माझ्या पायाशी पाकळ्यांचे पिवळे तुकडे पडले होते. कुणाचे तरी पैसे सांडलेत, असे क्षणभर वाटले.

मग मी हललेच नाही. माझ्या उजव्या हाताकडे पाहिले, डाव्या हाताकडे पाहिले. भोवती मोठाली गोल हिरवी पाने. देठावर लव.

"सृष्टी!" मी एवढ्याने ओरडले की हे विळा घेऊन बाहेर आले. त्यांना वाटले जनावर निघाले.

तशाच चिखलाच्या पायांनी पडवीत गेले. पाकळ्या काढलेल्या त्या फुलाचा देठ भोकातून आत घातला. पिवळा तुरा तीन बोटांच्या वर बसला, काठावरच्या पिवळ्या रेघेला रेघ मिळाली, देठाला देठ मिळाला. भोक होते कुठे ते दिसेना. सृष्टीने फोटो काढला. मग मीही काढला. माझा जास्त चांगला आला, तीच म्हणाली.

कलश नाही, बारका भोपळा आहे. नाणी नाहीत, पाकळ्या आहेत. कमळाची पाने नाहीत, आमच्या परसासारखाच वेल आहे. इतकी वर्षे सगळ्यांनी पाहिले, आणि भोपळ्याला फुले लावणारी बाई एकाला दिसली नाही. मलाही नाही, रोज तेच काम करून!

"मगे ही कोण?" यांनी विचारले.

 कुणी कामाला येणारी बाई असेल, म्हटले.

"पाटी रंगवणारो माणूस कामाच्या बाईचां चित्र घरात लावता, आणि बायको तेका रोज कुंकू लावता? बघ हां, आबांचा काय लफडा..."

मी दुपारपर्यंत यांच्याशी बोलले नाही. आबा तसे नव्हते. आबांची पहिली बायको तरुणपणी बाळंतपणात गेली, एक लहान मुलगी मागे ठेवून. ती माझी राधाआत्या. मग नर्मदाआजीशी लग्न झाले. ती माझी आजी. दोन बायकांच्या पलीकडे आबांच्या आयुष्यात बाई नव्हती.

६ ऑगस्ट, बुधवार

नितेशला फोन केला. फोटो त्याने पाहिला होता.

"ताये, हुशार आसंस तू. पण म्हणान काय झाला?"

"म्हणान ती लक्ष्मी नाय. लक्ष्मी नाय तर खंडित देव नाय. बुडवूचा कारण रवला नाय."

"गुरुजींका विचारलंय मी. ते म्हणतत, चित्र कोणाचाय असांदे. घरात इतकी वर्षां हळद-कुंकू लागला, हात जोडले, म्हणजे देवपण इलाच. आता तू भोपळ्याचा फूल दाखवन देव बदलतंस?"

"लक्ष्मी कित्याक भोपळ्याक फुलां लावीत रे?"

"आमच्या घरातली लक्ष्मी. लावीत," म्हणाला आणि हसला. मग गंभीर झाला. "ताये, घरात नवीन वास्तू आसा, बायको दोन जीवांची आसा. माका भीती वाटता. पौर्णिमेक मी सोताच येतंय."

 तो वाईट बोलला नाही. आणि गुरुजींचे म्हणणे मला खोडता येत नाही. दगडाला शेंदूर लावला की आपण त्याला पाय लावत नाही. मग इतक्या वर्षांच्या कुंकवाचे काय करायचे? फूल सापडले म्हणून मी काल नाचले. त्या नाचण्याने चित्र वाचत नाही.

ते कुंकू कुणासाठी होते, हे सांगणारे एकच माणूस आता जिवंत आहे. राधाआत्या. रेडीला असते, शहाऐंशी वर्षांची. फोनवर तिला ऐकू येत नाही. लहानपणी माहेरपणाला यायची तेव्हा लक्ष्मीपुढे बसून रडायची, आणि आई आम्हाला बाहेर पाठवायची. आम्हाला वाटायचे, सासरी जाच असेल.

यांनी वेळापत्रक तोंडपाठ सांगितले: सकाळची वेंगुर्ला, तिथून रेडी.

७ ऑगस्ट, गुरुवार

मालवणात स्टुडिओवाल्याकडून काल संध्याकाळीच फोटोची मोठी प्रत करून घेतली होती. सृष्टी आणि मी अकराला रेडीत पोचलो.

आत्या ओसरीवर बसून ओल्या नारळाच्या करवंट्या निवडत होती. डोळे चांगले आहेत. कानाशी ओरडावे लागते.

"आते! मी सुगंधा! फोंड्याची!"

"ओरडतंस कित्याक? दिसता माका," म्हणाली. "जाडी झालंस गो."

मी फोटो तिच्या मांडीवर ठेवला. तिने उचलला, लांब धरला, जवळ धरला. मग फुलावर बोट ठेवले, तिथेच, त्या तीन बोटांवर.

"ह्यां गेलेलां," म्हणाली. "कोणी परत काढलां?"

"काढलां नाय, आते. खराखुरा फूल लावन फोटो काढलो. आते, ही कोण?"

"कोण म्हणजे?"

"ही बाई कोण?"

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी वेडी झाले आहे.

"माजी आवस."

मी सृष्टीकडे पाहिले. तिने मोबाईल चालू केला होता. शहाणी पोर.

मग आत्या बोलू लागली आणि अर्धा तास थांबली नाही. त्या वर्षी पाऊस थांबलाच नाही, भोपळे धरेनात, आई पहाटे उठून फुले लावायची. आबा बाजाराला जाताना वळून बघत उभे राहायचे, कामाला उशीर करायचे. कुणा दुकानदाराने पाटी नको म्हणून परत केली, तिच्याच पाठीवर तिला काढली. आत्या तेव्हा तीन वर्षांची, रंगाचा डबा धरून बसायची. पुढच्या आषाढात आई गेली.

"मगे कुंकू?" मी ओरडले. "आजी रोज कुंकू लावी तां?"

"सवतीचो मान तो. धाकटे आयेक कोणी सांगूक नाय. घरात इली त्या दिवसापासून पयला कुंकू माज्या आयेक, मगे देवांक. दुसरी गेलेल्या सवतीचो टाक गळ्यात घालीत. तिका चित्र होतां." आत्याने फोटो पदराने पुसला. "मी येय तेवा तुमी सगळी पोरां रांगेन उभी रवन हात जोडत होतास. नितेशपण. माका वाटे, मेल्यानंतर येवढो मान कोणच्या बायकोक मिळता? म्हणान रडू येय माका."

"आमी लक्ष्मी समजान जोडत होतो, आते."

"कोणी सांगल्यान लक्ष्मी म्हणान?"

कुणीच सांगितले नव्हते. पिवळे दिसले ती नाणी, गोल दिसला तो कलश, कुंकू दिसले ती देवी. कुणी विचारले नाही, म्हणून कुणी सांगितले नाही.

मग नितेश उद्या काय करणार आहे ते मी सांगितले. आत्याने सृष्टीच्या हातातला मोबाईल ओळखला, त्याच्याकडे तोंड केले आणि बोलली. ते काय, ते उद्या लिहीन. परतीची गाडी चुकेल म्हणून पळावे लागले.

८ ऑगस्ट, शुक्रवार. नारळी पौर्णिमा

नितेश सकाळी मोटारसायकलवरून आला. भिजलेला. गुरुजींनी दिलेले हळदकुंकू आणि लाल कापड पिशवीत. मी चहा दिला; आत्याचे बोलणे समुद्रापाशीच ऐकवायचे ठरवले होते, नाहीतर घरात वाद घालत बसला असता. 

दुपारनंतर सगळी वाडी किनाऱ्यावर. सोनेरी कागदाचा नारळ, ढोल, होड्यांना फुलांच्या माळा. किशोरीचा नवरा होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, उभा. नितेशने लाल कापडात गुंडाळलेली तसबीर दोन्ही हातांनी धरलेली. भाई गुरवांनी गाऱ्हाणे घातले, "व्हय म्हाराजा" झाले, नारळ पाण्यात गेला.

नितेश पुढे निघाला. मी त्याच्या दंडाला धरले.

"आधी ह्यां ऐक."

"ताये, आता नको."

"आत्या बोलता. ऐक."

ढोलाच्या आवाजात काही ऐकू येईना. त्याने मोबाईल कानाला दाबून धरला, दुसरा कान बोटाने बंद केला. मी शब्द पाठ केले आहेत: "नितेश, मी राधाआत्या बोलतंय. तुज्या हातात आसा ती माजी आवस. एकदा गेली तेवा मी चार वर्षांची होतंय, माका कोणी विचारूक नाय. आता विचारतंस तर सांगतंय. नेव नको."

त्याने ते तीनदा ऐकले. लाटा पोटरीपर्यंत येऊन जात होत्या. मग तो वाळूत कोरड्या जागी येऊन बसला आणि लाल कापड सोडले. भोपळ्याचे फूल मी सकाळीच भोकात घातलेले होते, कोमेजले होते, पण तुरा तसाच. 

"आणि कुंकू? गुरुजी म्हणतत देवपण..."

"कुंकू देवीक नव्हताच रे. सवाष्ण गेलेल्या बाईक होता. जेका लावूचा तेकाच लागला. एक चिमूट वाया जावक नाय. आणि माणसाचो फोटो फाटलो तर तो कोण समुद्रात टाकता?"

भाई गुरव शेजारी उभे होते. त्यांनीही ऐकले. "बघ, विचारणाच चुकलेला तुजा," म्हणाले. "लक्ष्मीचा काय करू म्हणान विचारलंस. लक्ष्मी होती खंय, ती सांगतली?"

नितेश एकदम हसायला लागला आणि डोळे पुसायला लागला. मग गुरुजींना फोन लावला, तिथेच, वाऱ्यात. गुरुजी म्हणाले, असे असेल तर पितरांचे चित्र दक्षिणेच्या भिंतीला लावा, दोष नाही. मी त्याच्या हातून फोन घेऊन गुरुजींना नमस्कार सांगितला. माणूस शास्त्राप्रमाणे बोलला, त्याचा काही दोष नाही.

आणि मग आमचा भाऊ काय म्हणतो? "ताये, तर मगे मी परत घेवन जातंय. नवीन घरात दक्षिणेक जागा आसा. आबांचा घर तां."

मी तसबीर त्याच्या मांडीवरून उचलली.

"विसर्जनाक सोडलेली वस्तू परत मागतत काय रे?"

"ताये!"

"पार्सलाचा भाडा मी भरलंय."

हे वाळूत बसून पोट धरून हसत होते. किशोरी लांबून ओरडली, "वैनी, जाळां वाचला गो माजा!" मी आबांचा पत्रा डोक्यावर घेतला आणि ढोलाच्या पुढून, भरल्या किनाऱ्यावरून घरी चालत आले. कुणाला वाटेल ते वाटो. मला तर मिरवणूक वाटली.

९ ऑगस्ट, शनिवार

दक्षिणेच्या भिंतीला खिळा ठोकला. अंघोळ करून पहिले कुंकू तिला लावले, मग देवांना. भोक बुजवायचे नाही असे ठरवले. फुले असतील तोवर रोज सकाळी एक तुरा.

नितेश फोटो घेऊन गेला, मोठी प्रत. त्याच्या दक्षिणेच्या भिंतीला ती लागेल. चित्र नाही तर नाही, माझा फोटो.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज टपालात टाकलेल्या पत्राची नक्कल:

तीर्थरूप राधाआत्यांस, सुगंधाचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

तुमची आई आमच्या भिंतीवर सुखरूप आहे. नितेशने ऐकले. त्याला मन मोठे करावे लागले, हे त्याची बहीण म्हणून सांगते. सृष्टी म्हणते तुमचा आवाज तिने चार ठिकाणी जपून ठेवला आहे.

एक विचारायचे आहे, ते त्या दिवशी गाडीच्या घाईत राहिले. येत्या पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या नावाने पान वाढायचे, असे नितेश आणि मी दोघांनी ठरवले आहे. आजवर कुणी वाढलेले दिसत नाही. गुरुजी नाव विचारतील. नितेशने घरातले सगळे जुने कागद काढले. आबांची वही सापडली. तीत फोंड्याच्या बेचाळीस दुकानदारांची नावे आहेत, अक्षराची उंची आणि रंग धरून. तिचे नाव कुठेच नाही. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांची नावे रंगवली, त्यांनी हिच्या चित्राखाली एक अक्षर घातलेले नाही. त्यांना ते लिहायची गरज वाटली नसेल. आम्हाला आहे.

चार वर्षांच्या मुलीला आईचे नाव ठाऊक नसते, ती आईच असते, हे मला कळते. पण आबा परसाच्या दारातून तिला हाक मारत असतील. ती हाक कानावर असेल तर तीच लिहा, जशी असेल तशी. माहेरचे नाव आठवले तर तेही लिहा. मी ते पत्र्याखाली चौकटीवर घालणार आहे, सृष्टीचे अक्षर बरे आहे.

सोबत पत्ता घातलेले कार्ड जोडले आहे, तिकीट लावायचे काम नाही. नवमीला अजून महिना आहे, पण मला तोवर धीर धरवणार नाही. कृपा करून उलट टपाली कळवावे.